मामाजी, एवढा फॉर्म बघून द्या

कोथरूड, पुणे
११ जून २००१

ती. मामाजी आणि आई यांना रुपालीचा साष्टांग नमस्कार.

हेमा पहिलीत गेली. शाळेची बस अगदी दारात येते, त्यामुळे काळजी नाही. हेमाचे बाबा तिकडे अमेरिकेत मजेत आहेत. कामाचा फार रेटा आहे म्हणून पत्र लिहायला सवड होत नाही. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे दरमहा पाचशेची मनीऑर्डर मी इथून करते. ती वेळेवर मिळत असेल.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी वेळ जावा म्हणून हिंजवडीच्या कंपनीत लागले, ते तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल टेपवर बोलून ठेवतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं काम. पगारातून दरमहा चारशे रुपये कर कापला गेलाय. शिवाय शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, घरात टेलिफोन आहे म्हणजे उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरावंच लागतं, पुण्यात तसा नियम आहे. फोन माझ्या नावावर आहे, त्यामुळे घाबरले.

सोसायटीतल्या एका कर सल्लागारांकडे गेले. त्यांनी तीनशे रुपये सांगितले. "थोडं समजावून सांगता का," म्हटलं, तर म्हणाले, "फॉर्मचं नावच सरल आहे. त्याहून सोपं करून सांगायची विद्या आम्हाला येत नाही."

तुम्ही अकोल्याच्या आयकर कार्यालयात चौतीस वर्षं काढलीत. घरात विहीर असताना मी बाहेर पाणी विकत का घेऊ? मी भरून पाठवते, तुम्ही फक्त नजर घाला. आईंच्या गुडघ्याचं कसं आहे?

तुमची,
रुपाली


अकोला
१६ जून २००१

चि. सौ. रुपालीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. निवृत्तीला सहा वर्षे झाली, पण नियम मी अजून वाचतो. तुझ्या सासूबाईंच्या मते हे व्यसन आहे.

कौशल्याबाई बरोबर सांगतात. टेलिफोन, मोटार, परदेशप्रवास अशा सहा गोष्टी ठरवल्या आहेत. त्यांतली एक जरी असली तरी रिटर्न भरायचे. भरायचे म्हणजे कर द्यायचाच असे नाही. लोक इथेच घाबरतात.

तीनशे रुपये कुणाला देऊ नकोस. इथेही रविवारी सकाळी गल्लीतले लोक कागद घेऊन ओट्यावर येतात. शाळेतला शिपाई संपत येतो, पोळ्या करणाऱ्या विजयमालाबाई येतात. फी एकच, चहा त्यांनी मागायचा नाही. तू तर घरची आहेस.

फॉर्म पेन्सिलीने भरून पाठव. कंपनीचे पगाराचे प्रमाणपत्र आणि बँकेच्या पासबुकाची एप्रिल ते मार्च पाने झेरॉक्स करून जोड. व्याज किती मिळाले ते मला डोळ्यांनी पाहायचे असते.

गुडघा आहे तसाच आहे. बोलणे वाढले आहे.

हिंमतराव


कोथरूड, पुणे
२४ जून २००१

ती. मामाजींना नमस्कार.

फॉर्म, प्रमाणपत्र आणि पासबुकाची पानं सोबत आहेत. पासबुकाचं तेवढं लागतंच का, असं मनात आलं होतं, पण तुम्ही म्हणता म्हणजे लागत असेल. त्यातले बाकीचे व्यवहार घरखर्चाचे आहेत, त्यांकडे लक्ष देऊ नका. घाईत काहीबाही काढलं जातं.

हेमाला पाढे येतात, पण सातचा आला की पळून जाते.

तुमची,
रुपाली


अकोला
२ जुलै २००१

चि. सौ. रुपालीस आशीर्वाद.

फॉर्म तपासला. अक्षर चांगले आहे. बेरजा बरोबर आहेत.

कंपनीने मात्र दोन गोष्टी विसरून तुझा कर कापला आहे. दहा महिन्यांचा पगार पंचाहत्तर हजार. त्यातून प्रमाणित वजावटीचे पंचवीस हजार गेले की पन्नास उरतात आणि पन्नास हजारांपर्यंत कर नाही. वर यंदापासून बायकांना वेगळी सूट आहे, तिची गरजही पडली नाही. म्हणजे कापलेले चार हजार तुला सरकारकडून परत यायला हवेत. कुठे काय लिहायचे ते पेन्सिलीने खुणा करून परत पाठवत आहे. आता शाईने भर. मुदत एकतीस जुलै.

तुझी चूक एकच. बँकेच्या व्याजाचे चारशे बारा रुपये तू लिहिले नाहीस. त्यावर कर लागत नाही, हे खरे. पण लागत नाही म्हणून सांगायचे नाही, असे नसते. आहे ते लिहावे.

आणखी एक. पासबुकाची या एप्रिलपासून जूनपर्यंतची पानेही पाठव.

हिंमतराव


कोथरूड, पुणे
९ जुलै २००१

ती. मामाजी,

तुमचं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कंपनीच्या बसमध्ये काढायचं, वाचायचं, पुन्हा ठेवायचं.

मागच्या वर्षाच्या रिटर्नला या एप्रिलनंतरची पानं लागत नाहीत, एवढं मलाही आता कळतं. तुम्ही ती का मागितलीत तेही कळलं. पानं जोडली आहेत. आहे ते लिहावं, असं तुम्हीच म्हणालात, म्हणून लिहिते.

हेमाच्या बाबांची नोकरी जानेवारीत गेली. तिकडे एकदम पुष्कळ जणांच्या गेल्या. फेब्रुवारीत फोनवर त्यांनी सांगितलं आणि लगेच म्हणाले, "बाबांना कळू देऊ नकोस." नंतर दोनदा फोन आला, दोन्ही वेळा दोन मिनिटं. कुणाच्या तरी मोटेलमध्ये काम करतात, एवढंच कळलं. डिसेंबरनंतर तिकडून पैसे आलेले नाहीत. मागावेत असं मला वाटलंही नाही. त्यांचा आवाजच तसा होता.

माझी नोकरी वेळ जावा म्हणून नाही, मामाजी. या घराचं भाडं त्यातून जातं. दिवसभर मी अमेरिकेतल्या अनोळखी डॉक्टरांचे आवाज ऐकते. खोकला, धाप, पोटात दुखतंय. ज्याचा आवाज यावा असं वाटतं, त्याचा येत नाही. पण रडत बसलेली नाही. काम मला जमतं. कंपनीने सुपरवायझर होता का विचारलंय, पगार अकरा हजार होईल. रात्री नऊपर्यंत थांबावं लागेल. कौशल्याबाई हेमाला सातपर्यंतच ठेवू शकतात, त्यामुळे नाही म्हणणार आहे.

तुमच्यापासून हे लपवलं, कारण कळलं की तुम्ही आम्हाला अकोल्याला बोलावून घ्याल आणि तुमचा शब्द मला मोडता येणार नाही. तिथे मला प्रेमानं ठेवाल, हे माहीत आहे. पण एकदा हे घर सोडलं की पुन्हा उभं राहायचं नाही. एवढं मागणं आहे, मला बोलावू नका.

फॉर्म अजून दिलेला नाही. सही करायला हात होत नाही.

रुपाली


अकोला
२२ जुलै २००१

चि. सौ. रुपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र तेरा तारखेला आले. उत्तराला नऊ दिवस लागले, कारण सहा मसुदे फाडले. कार्यालयात एवढे कधी फाडले नव्हते.

आता माझ्याकडचेही लिहितो. मार्चमध्ये सुदर्शनचे पत्र मला आले होते. नोकरी गेल्याचे त्यात होते. पुढे लिहिले होते की पुण्याचे बिऱ्हाड मोडा, रुपाली आणि हेमाला अकोल्याला घेऊन जा, हे मी सुचवले असे तिला सांगू नका. मी उत्तर दिले नाही, पण मनात ठरत आले होते. बाईमाणूस, लहान मूल, परके शहर. ऑगस्टमध्ये येऊन तुम्हाला घेऊन जायचे, असे मी तुझ्या सासूबाईंनाही सांगून टाकले होते. म्हणजे तुझी भीती खोटी नव्हती.

मग तुझे पासबुक आले. व्याज पाहावे म्हणून उघडले. डिसेंबरपर्यंत अमेरिकेतून जमा दिसते. जानेवारीपासून जमेला फक्त तुझा पगार. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे पंचवीस रुपये काढलेले. जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चमध्ये. घरखर्चाला माणूस पाचशे काढतो, सहाशे काढतो. पाचशे पंचवीस कोण काढतो? पाचशे आम्हाला आणि पंचवीस पोस्टाचे कमिशन. पुढची पाने मागितली ती पुढेही तसेच आहे का ते पाहायला. तसेच आहे. शाळेची फी भरून खात्यात नऊशे उरले, त्या महिन्यातही आहे.

मी कागद मिटला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

तुझ्या सासूबाईंना, गोदाला, सांगितले. म्हणाली, "मी गल्लीभर पोराचं नाव सांगत फिरले, अन् धाडत होती पोरगी." त्या दिवशी ती दोन घरी जाऊन मुद्दाम सांगून आली की पैसे सून पाठवते. तू रागावू नकोस, तिला अडवता येत नाही.

मनीऑर्डर आता बंद कर. मला पेन्शन आहे, आमचे भागते. तुझ्या मनाला लागू नये म्हणून आजवर नाही म्हटले नाही. तेव्हा पैसे मुलाच्या शिलकीतले आहेत असे वाटत होते.

सुदर्शनला मी लिहिले आहे की तुझी बायको अकोल्याला येणार नाही. ती आहे तिथे राहील. तुला यायचे तर तिच्या घरी ये. पत्र रजिस्टरने धाडले, म्हणजे मिळाले नाही असे म्हणता येणार नाही.

सुपरवायझरच्या जागेला हो म्हण. दिवाळीनंतर गोदा हेमापाशी येऊन राहील. मी तिला सुचवले नाही, तिने मला कळवले. गुडघ्याने तीन मजले चढवतील का, विचारले, तर म्हणाली, एकदा चढेन आणि मग कशाला उतरते.

फॉर्मवर सही कर. एकतीसच्या आत दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही.

हिंमतराव


कोथरूड, पुणे
१ ऑगस्ट २००१

ती. मामाजी आणि आई,

काल फॉर्म दिला. पोच सोबत आहे, तुम्हाला पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून झेरॉक्स काढली.

रांग जिन्यापर्यंत होती. माझ्यामागे आमच्या सोसायटीचे वॉचमन भीमराव होते. त्यांच्या मुलाने घरी फोन घेतला आणि हे रांगेत आले. त्यांनी व्याज लिहिलं नव्हतं. मी तिथेच भिंतीला कागद टेकवून त्यांना लिहायला लावलं. खिडकीतल्या माणसाने माझा फॉर्म दोनदा उलटून पाहिला. म्हणाला, "कोणाकडून तपासून घेतलात?" "सासऱ्यांकडून," म्हटलं. "काय घेतात?" "चहासुद्धा देत नाहीत." त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. हा माणूस हसला असता तर तो पुण्यातला नाही असं समजले असते.

तुमचं पत्र कौशल्याबाईंना वाचून दाखवायला गेले. पाचशे पंचवीसपाशी आले आणि पुढे वाचता येईना. उरलेलं त्यांनी वाचलं.

मला वाटत होतं, तुम्ही माझे हिशेब काढताय. तुम्ही मला वाचत होता.

सुपरवायझरच्या जागेला हो म्हटलं, दिवाळीनंतर रुजू होईन. आईंना म्हणावं, हेमाने आत्तापासून गादीवर त्यांची जागा आखून ठेवलीय, माझी कमी करून.

तुमची,
रुपाली


कोथरूड, पुणे
२० जानेवारी २००२

ती. मामाजींना नमस्कार.

चार हजारांचा चेक आला. पण ते नंतर.

हेमाचे बाबा परवा आले. फोन नाही, काही नाही. दाराशी एक बॅग घेऊन उभे. दार आईंनी उघडलं. त्यांनी आधी चप्पल बाहेर काढायला सांगितली, मग जेवायला वाढलं, मग रडल्या. त्या क्रमानेच.

खूप वाळलेत. मी कामावरून आले तेव्हा हेमा त्यांना पाठ्यपुस्तक दाखवत होती आणि ते प्रत्येक पानाला मान डोलवत होते. मी रागावेन अशी त्यांची तयारी होती. रागावलेही, पण दुसऱ्या दिवशी. म्हटलं, "नोकरी गेली त्याचं मला काही नाही. मला न विचारता मला उचलून न्यायला सांगितलंत, त्याचं आहे." ते म्हणाले, "चुकलं." पुढे काही सांगत बसले नाहीत, म्हणून बरं वाटलं.

अकोल्याला जाऊन या म्हटलं. "बाबांसमोर कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणतात. तुम्ही याल का?

तुमची,
रुपाली


अकोला
२७ जानेवारी २००२

चि. सौ. रुपालीस आशीर्वाद.

तो सुखरूप आला, हे वाचून मी देवापुढे दिवा लावला. मी सहसा लावत नाही.

येण्याविषयी. मी आलो तर तो मान खाली घालेल, मी पाठीवरून हात फिरवीन आणि बोलायचे ते राहून जाईल. आमच्या घरात पुरुषांचे नेहमी असेच झाले आहे. माझे आणि माझ्या वडिलांचेही. त्याला वेळ घेऊ दे. मी वाट पाहतो.

पिठले आता मला बरे जमते. गोदाला सांगू नकोस, नाहीतर ती परत येणारच नाही.

हिंमतराव


कोथरूड, पुणे
२३ जून २००२

ती. मामाजींना नमस्कार.

यंदा माझा फॉर्म मी स्वतः भरला आणि कंपनीतल्या नऊ मुलींचे तपासून दिले, जेवणाच्या सुट्टीत. तुमच्यासारखीच फी घेतली.

सोबत आहे तो हेमाच्या बाबांचा. फेब्रुवारीपासून ते सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतात. मार्चअखेरपर्यंत मिळाले नऊ हजार. एवढ्याला कर कुठला? पण त्या वर्षात परदेशप्रवास झालेला, म्हणून रिटर्न भरायला हवं. मुलं त्यांच्यावर खूष आहेत. एकाला तर घरी बोलावून शिकवतात. पण फॉर्म तुम्हाला पाठवा म्हटलं की विषय बदलतात. म्हणून मीच त्यांच्या टेबलावरून उचलून पाठवते आहे. तपासून द्या.

तुमची,
रुपाली


अकोला
२९ जून २००२

चि. सौ. रुपालीस आशीर्वाद.

फॉर्म न उघडता परत पाठवत आहे. राग मानू नकोस. ज्याचे उत्पन्न त्याने सांगावे. दुसऱ्याने आणून दिलेला कागद मी कार्यालयातही घेत नसे.

हे पत्र त्याला दिसेल असे ठेव.

हिंमतराव


कोथरूड, पुणे
७ जुलै २००२

ती. बाबांना सुदर्शनचा नमस्कार.

रुपालीने काही न बोलता तुमचं पत्र चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. चार दिवस मी त्याच कपातून चहा पितोय.

फॉर्म सोबत आहे. उत्पन्न नऊ हजार रुपये. तिथे वर्षाला पंचावन्न हजार डॉलर मिळायचे. आता हे इथे लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

मोटेलमध्ये मी अकरा महिने खोल्या साफ केल्या. त्या कामाची लाज वाटली नाही, बाबा. लाज याची वाटते की रुपालीला अकोल्याला न्या असं तुम्हाला लिहिलं, तेव्हा मला वाटलं मी तिची काळजी घेतोय. खरं म्हणजे पुण्यातल्या मित्रांनी माझं बिऱ्हाड पैशांच्या ओढाताणीत चाललेलं पाहू नये, एवढंच मला हवं होतं. ती उभी राहिली म्हणून मला परत यायला दार राहिलं. हे मी तिला सांगितलं आहे. तुम्हालाही सांगायला हवं होतं.

फॉर्म तपासून द्याल का?

सुदर्शन


अकोला
१२ जुलै २००२

चि. सुदर्शनास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि फॉर्म मिळाला. पत्र तीनदा वाचले, फॉर्म एकदा.

फॉर्ममध्ये एक चूक आहे. कार्डावर दोन ओळींत कळवता येईल एवढी लहान, पण मी कळवणार नाही. फॉर्म ठेवून घेतला आहे. मुदत एकतीसची, म्हणजे तुझ्यापाशी दोन रविवार आहेत. इथे ये, ओट्यावर माझ्याशेजारी बैस आणि दुरुस्त करून घेऊन जा. रविवारी लोक असतात, पण तुझा नंबर पहिला लावतो.

रुपालीला सुट्टी मिळत असेल तर सगळेच या. नसेल मिळत तर तिची नोकरी मोडू नकोस, एकटा ये.

कोणत्या तोंडाने येऊ, असे तू म्हणालास ते मला कळले. आहे त्याच तोंडाने ये. दीड वर्षापासून मला तेच पाहायचे आहे.

गाडी कळव. कितीही उशिरा आली तरी मी फलाटावर आहे.

बाबा